शुक्रवारची मोजणी

३ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्त झाल्यापासून या वहीत लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. दूध नासलं, नळ गळला, अमुक वाजता उठलो, याला काही नोंद म्हणत नाहीत. आज मात्र घडलं.

कोपऱ्यावर जी लाँड्री बंद पडून आहे, त्या जागेवर मशीद होणार आहे. नकाशे मंजुरीसाठी दाखलसुद्धा झाले. कुंपणावर नोटीस लावून चार दिवस झाले आणि एकाने वाचली असेल तर शपथ. शेवटी अध्यक्षांच्या कुत्र्याला नेमकं तिथेच थांबायचं होतं, म्हणून अध्यक्ष थांबले आणि त्यांनी वाचली.

संध्याकाळी रहिवासी समितीची तातडीची बैठक झाली. शाळेतला चित्रकलेचा वर्ग मिळाला होता. सगळी मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तरी भांडण मोठ्या माणसांसारखंच झालं. गर्दी होईल, गाड्या कुठे लावणार, भोंगा लागेल, घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही. आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत, ते जातील तिथे भांडण पेटतं म्हणून त्यांना आम्ही शांतिदूत म्हणतो. ते म्हणाले, आज मशीद आली, उद्या आपण पाहुणे होऊ. शाळेतल्या गणिताच्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ही माणसं वीस वर्षं टायरच्या दुकानाच्या माडीवर नमाज पढताहेत, त्याचा आजवर कुणाला काय त्रास झाला तेवढं सांगा. कुणी सांगितलं नाही. पण बाईंना टाळ्याही पडल्या नाहीत.

अध्यक्ष धोरणी माणूस. म्हणाले, सुनावणीत भावना चालत नाहीत, आकडे लागतात. शुक्रवारी दुपारी त्या माडीवर किती माणसं येतात, किती गाड्या येतात, याची कुणीतरी चोख मोजणी करायला हवी. हे म्हणताच सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एकतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होतो मी. माझ्या नोंदीत मिनिटाची चूक निघाली नाही, हे डेपोत कुणालाही विचारा.

चार शुक्रवार, बारा ते दोन. टायरच्या दुकानासमोर दुसऱ्या मजल्यावर अध्यक्षांचं ऑफिस आहे, त्याच्या खिडकीत बसायचं. मी हो म्हटलं. मला मशिदीशी काही वैर नाही. प्रश्न वाहतुकीचा आहे. घरी येऊन हेच हिला सांगितलं. ही म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली मोजणी. पायी पुरुष, पायी महिला, दुचाकी, चारचाकी असे रकाने पाडले. गाडीतून उतरलेली माणसं वेगळी मोजली. एकूण माणसं अठ्ठ्याऐंशी. त्यात महिला चार. हातात पेन्सिल आणि समोर रस्ता, बऱ्याच दिवसांनी जिवात जीव आल्यासारखं वाटलं.

पावणेबाराला टायरवाला दुकानाबाहेर आला, वर बघितलं आणि हात वर केला. मी घड्याळाकडे पाहिलं.

वहीत खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहितो. या माणसाशी मी आठ वर्षं बोललेलो नाही. आमच्या मुलाला ट्रकने उडवलं ते याच्या दुकानासमोर. एकवीस वर्षांचा होता. याने त्याला उचलून दुकानात आणलं, ॲम्ब्युलन्स बोलावली, हे सगळं खरं. हिला निरोप पाठवला, ही धावत गेली. पण मला कुणी कळवलं नाही. दोन तास. टायरवाला तेव्हा आमच्या डेपोचंच काम करायचा, डेपोचा नंबर त्याच्या दुकानाच्या भिंतीवर रंगाने लिहिलेला होता. मान वर केली असती तरी दिसला असता. हिला मी दोष देत नाही, तिची शुद्ध कुठे जाग्यावर असणार? पण हा तर शुद्धीत होता. मी हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा माझ्यासाठी फक्त सही करायची राहिली होती.

त्याचा आणि या मोजणीचा काही संबंध नाही. अठ्ठ्याऐंशी म्हणजे अठ्ठ्याऐंशीच लिहिले आहेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

हिचा डावा गुडघा अजून दुखतोच आहे. दर शुक्रवारी व्यायामाला जाते त्या फिजिओथेरपीवालीकडे, पण फरक शून्य. मी म्हटलं, ती बाई नुसती गोड बोलून वेळ काढते, दुसरी बघू. ही म्हणाली, राहू दे, तिथे गेलं की बरं वाटतं. गुडघा दुखतो तो दुखतोच आणि वर बरं वाटतं! बायकांच्या दुखण्याचं गणित आपल्याला सुटायचं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी मोजणी. एकूण चौऱ्याण्णव. दुचाकी सव्वीस, चारचाकी चौदा, पैकी नऊ टायरवाल्याच्याच अंगणात लागल्या. रस्त्यावर पाच. खरं सांगायचं तर पाच गाड्यांनी रस्ता अडत नाही. शनिवारी भाजीवाल्यांकडे याहून जास्त लागतात.

माणसं आता ओळखू यायला लागली. एक उंच म्हातारा, शेवटच्या पायरीवर थांबून दम खातो. दोन भाऊ, कायम भांडत येतात आणि जाताना हसत जातात. एक बाई येते, मागच्याही शुक्रवारी होती. टायर कंपनीची जाहिरात असलेली भली मोठी छत्री उन्हासाठी घेते, त्यामुळे वरून फक्त छत्रीच चालताना दिसते. डावा पाय जरा ओढते. ती माडीवर जात नाही, खाली दुकानातच शिरते. बारा दहाला आत, दीड वाजता बाहेर, दोन्ही शुक्रवारी मिनिटाचाही फरक नाही. अशी माणसं आमच्या डेपोत असती तर काय हवं होतं! मोजायची की नाही या विचारात पडलो. शेवटी मोजली. आली ती मोजायची.

१६ फेब्रुवारी, रविवार

डोकं अजून भणभणतंय.

अध्यक्षांकडे चहाला बोलावलं होतं. शांतिदूतही होते. दोन शुक्रवारांचे आकडे दाखवले तर दोघांची तोंडं उतरली. शांतिदूतांना पाचशेची अपेक्षा होती. मी म्हटलं, जिना तीन फूट रुंद आहे, पाचशे माणसं चढवली तर माडी खाली येईल.

मग अध्यक्षांनी चष्मा पुसत अगदी शांतपणे सांगितलं, की वाहतुकीच्या दृष्टीने माणूस आत जातो तेव्हा एकदा रस्ता वापरतो आणि बाहेर येतो तेव्हा पुन्हा वापरतो. तेव्हा चौऱ्याण्णव म्हणजे एकशे अठ्ठ्याऐंशी धरायला हरकत नाही. हा माणूस माझ्या शेजारी वीस वर्षं राहतो. याच्या आजारपणात मी डबे पोचवलेत. आणि हा मला, टाइमकीपरला, सांगतोय की एका माणसाचे दोन कर!

मी म्हटलं, माझ्या हातून हे होणार नाही. ते हसले, म्हणाले, बघू, अजून दोन शुक्रवार आहेत. घरी येऊन हिला सांगितलं तर तिला धक्का वगैरे काही बसला नाही. म्हणाली, तुम्हाला आत्ता कळलं?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एक्क्याण्णव.

आकडा आधी लिहून टाकला. आता बाकीचं लिहितो, जमेल तसं.

सकाळपासून वारा होता. बारा दहाला छत्रीवाली बाई आली. दुकानाच्या पायरीशी वाऱ्याने छत्री उलटी केली. तिचा तोल गेला, हात टेकून ती पायरीवर पडली. टायरवाला आतून धावत आला, त्याने तिला दंडाला धरून उठवलं. छत्री रस्त्यावर गडगडत गेली.

ती ही होती.

ही. माझी बायको. सकाळी मला डबा देऊन म्हणाली होती, मी व्यायामाला जाऊन येते. तिने तळहात साडीला पुसला, टायरवाल्याशी काहीतरी बोलली आणि आत गेली. सवयीने गेली. आपण स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरतो तशी, उंबऱ्याकडे न बघता.

मी खिडकीत बसलो होतो. खाली धावून जावं हे मला सुचलंच नाही. माझी बायको पडली आणि मी जागचा हललो नाही. हातातल्या पेन्सिलीने आपोआप रकान्यात काडी मारली. पायी महिला. नंतर बारा तेवीसपर्यंत कोण आलं, कोण गेलं मला माहीत नाही. उरलेले त्यांच्या त्यांच्या बाहेर पडण्यावरून मोजून भरले. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हिच्या उजव्या तळहाताला पट्टी आहे. विचारलं तर म्हणाली, किसणीने खरचटलं. इतकं सहज म्हणाली! छत्तीस वर्षं संसार केला, ही खोटं बोलू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

भाजीत मीठ कमी आहे एवढंच म्हणालो, तेही नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

फिजिओथेरपीवालीकडे गेलो. म्हटलं, बिलाचं विचारायला आलोय. तिने वही उघडून सांगितलं की काकू तीनदाच आल्या, सहा वर्षांपूर्वी.

सहा वर्षं! म्हणजे तीनशे शुक्रवार. बाकावर बसलो आणि मनात येऊ नये ते सगळं येऊन गेलं. लिहायची लाज वाटते पण लिहितो. ही धर्म बदलत असेल. कुणी काही चारून-पाजून हिला नादी लावलं असेल. आणखीही एक आलं, ते मात्र लिहिणार नाही. हिच्या बासष्टाव्या वर्षी मी हिच्याबद्दल असा विचार केला, आणि शांतिदूताच्या तोंडी शोभतील असे शब्द माझ्या डोक्यात तयार होते, कुठूनही आणावे लागले नाहीत. त्याचाच जास्त धक्का बसला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं. दुपारी जेवणं झाल्यावर, ही पानं उचलत असताना. म्हटलं, शुक्रवारी तू पडलीस ते मी पाहिलं.

तिने पानं परत खाली ठेवली आणि बसली. रडेल असं वाटलं होतं. उलट सुटल्यासारखी दिसली.

"मला वाटलं होतं तुम्ही ओळखाल," ती म्हणाली. "दर शुक्रवारी वाटायचं. वर खिडकीत तुम्ही आहात हे मला माहीत होतं ना. छत्रीखाली पावलं मोजत जायचे. यायच्या वेळी वाटायचं, आता हाक येईल."

मी विचारलं, काय आहे तिथे?

तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, माझे घातले तर बिघडेल. "तो तिथे चाळीस मिनिटं होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. टायरवाल्यांच्या आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून शुक्रवारी सगळे वर जातात तेव्हा त्या खाली दुकानात एकट्या बसतात. मी त्यांच्याजवळ जाऊन बसते. आम्ही त्याच्याबद्दल बोलतो. लहानपणी कसा होता, काय खायचा, कसा चिडवायचा. त्या विचारतात, मी सांगते. घरात बोलायची सोय नाही."

मी म्हटलं, सोय नाही म्हणजे काय, मी कधी तुला अडवलं? ती म्हणाली की त्याचा फोटो कपाटात मीच ठेवला, त्याचे मित्र आले तर मीच बाहेर निघून जायचो, आणि एकदा तिने त्याचं नाव घेतलं तेव्हा मी ताटावरून उठलो होतो. हे सगळं खरं आहे. पण मला वाटत होतं की मी तिच्यासाठी तसं करतोय.

नवीन इमारतीत बायकांची खोली तळमजल्यावर आहे म्हणे. म्हातारीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बसता येईल. आमच्या हरकतीच्या अर्जात तीच खोली 'अनावश्यक बांधकाम' म्हणून लिहिली आहे. तो मजकूर माझा आहे.

शेवटी मी आठ वर्षांचा तो एक प्रश्न विचारला. या माणसाने मला फोन का केला नाही? तिचा चेहरा एकदम मिटला. "ते नका विचारू," म्हणाली आणि पानं घेऊन आत गेली. म्हणजे इतकी वर्षं त्याच्याकडे जाते आणि तरी त्याची ही चूक तिलाही झाकावी लागते. मी म्हटलं तेच खरं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटची मोजणी. पंचाण्णव.

बारा दहाला ही आली. आज छत्री नव्हती. रस्त्याच्या मध्यावर थांबली, वर खिडकीकडे बघितलं, मग आत गेली. पायी महिला, एक.

चार शुक्रवारांची सरासरी ब्याण्णव. तक्ता शाईने लिहून, खाली सही करून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला.

५ मार्च, बुधवार

नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली. अक्षर वाईट येतंय.

एका बाजूला आम्ही साठेक जण, दुसऱ्या बाजूला ते तीसेक. टायरवाला पुढच्या रांगेत, धुतलेला सदरा, नखांत मात्र काळं तसंच. ही कधी येऊन मागच्या ओळीत बसली मला कळलंच नाही. अधिकारीबाई तरुण होत्या, पण हलक्या कानाच्या नव्हत्या. शांतिदूत सुरू झाले तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत खाली बसवलं.

मग अध्यक्षांनी आमचा तक्ता सादर केला. टाइप केलेला. प्रत माझ्याही हातात आली. सरासरी उपस्थिती : एकशे चौऱ्याऐंशी. खाली लिहिलेलं, मोजणी करणारे निवृत्त टाइमकीपर, आणि त्याखाली माझं नाव. माझं! ते नाव वाचायला मला वेळ लागला. दुसऱ्याच कुणाचं तरी असावं तसं दिसत होतं.

अधिकारीबाईंनी विचारलं, मोजणी केलेले गृहस्थ कोण? मी उठलो. हा आकडा तुमचाच ना?

"नाही," मी म्हणालो. "माझा ब्याण्णव आहे. माणूस आत गेला आणि बाहेर आला म्हणून त्याची दोन माणसं होत नाहीत."

त्यांच्या बाजूला कुणीतरी हसलं. मी खिशातून माझा मूळ कागद काढून वाचला. दुचाकी, चारचाकी, किती अंगणात, किती रस्त्यावर, सगळं. आमच्या बाजूने चुळबुळ सुरू झाली. शांतिदूत बसल्या जागेवरून ओरडले, असतील ब्याण्णव, पण सगळे बाहेरचे आहेत, आपल्या वस्तीतला एक तरी दाखवा.

"ब्याण्णवातली एक माझी बायको आहे," मी म्हणालो.

हे बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

अध्यक्ष पांढरेफटक पडले होते. रागाने पडले की भीतीने, माहीत नाही. ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर, माइकमध्ये म्हणाले, "ज्या माणसाने तुमचं पोर मरत असताना दोन तास तुम्हाला फोन केला नाही, त्याची बाजू घेताय?"

माझ्या मुलाचा विषय आठ वर्षांत कुणी माझ्यासमोर काढला नव्हता. आज काढला तो माइकमध्ये. मी समोरची खुर्ची धरली. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही मला वाटलं की आता बरं झालं, आता याला उत्तर द्यावं लागेल. मी टायरवाल्याकडे पाहिलं. तो उभा राहिला. त्याने माझ्या मागे, शेवटच्या ओळीत कुठेतरी बघितलं. मी वळलो तर ही मान हलवत होती, अगदी जेमतेम, नको म्हणून. तो काही न बोलता खाली बसला. मान खाली घालून, गुन्हेगारासारखा.

शंभर माणसांदेखत त्याने ते ऐकून घेतलं. मला काही कळेनासं झालं. घरी येताना आम्ही दोघं बसमध्ये शेजारी बसलो होतो, पण ही खिडकीबाहेर बघत होती आणि मी माझ्या तळहातांकडे.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी निकालाची नोटीस कुंपणावर लागली. परवानगी दिली आहे. गाड्या मागच्या अंगणात लावायच्या, भोंगा बाहेर लावायचा नाही, बायकांची खोली नकाशाप्रमाणे. पूर्ण वाचली. आनंद नाही, दुःख नाही. तसाच पुढे टायरच्या दुकानात गेलो. अकरा वाजले होते, कुणी आलं नव्हतं.

आठ वर्षांत मी तिथली फरशी पाहिली नव्हती. पंक्चर बघायची पाण्याची टाकी, टायरांच्या चळती, हवा भरायचं यंत्र. भिंतीवर हिरव्या रंगात डेपोचा नंबर अजून आहे. दाराशी, गाडीतून काढलेल्या जुन्या सीटवर त्याची आई बसली होती. फार म्हातारी. शेजारी एक रिकामी खुर्ची, तिच्यावर उशी. ती उशी आमच्या घरातली आहे.

टायरवाल्याने हातातला पाना ठेवला, म्हणाला, "बसा साहेब." मी उभ्याउभ्याच म्हटलं, एकच विचारायला आलोय. नंबर भिंतीवर होता. फोन का केला नाहीस?

त्याने हात फडक्याला पुसले. बराच वेळ पुसत होता. "मला नका विचारू," म्हणाला. "वहिनींना शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास," म्हातारी म्हणाली. "मी नाही दिला. परवा भर सभेत तुला खाली बघायला लावलं, आता बस झालं." मग माझ्याकडे वळली. "इकडे ये बाळा, मला मोठ्याने बोलवत नाही."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

तिने सांगितलं. टायरवाला नंबर फिरवायलाच गेला होता. रिसीव्हर हातात होता. आमच्या मुलाने तिचा पदर धरून ओढला आणि म्हणाला, आजी, त्यांना थांबवा, बाबांना आत्ता फोन करू नका, ते ड्यूटीवर आहेत. म्हातारी म्हणाली, अरे असं कसं? तर म्हणाला, बाबांना चालत नाही. आईला बोलवा, बाबांची पावणेदोनची गाडी सुटली की मग सांगा. माझी बायको आली तेव्हा तिलाही त्याने तेच सांगितलं. तिच्याकडून कबूल करून घेतलं.

"शुद्धीत होता रे," म्हातारी म्हणाली. "नीट बोलत होता. तुझी काळजी करत होता."

घरातून डेपोत फोन करायचा नाही, हा नियम माझा. तो अकरा वर्षांचा असताना त्याने एकदा केला होता. शाळेच्या संघात निवड झाली, ते सांगायला. मी म्हटलं, गाडी सुटतेय, आणि ठेवला. घरी येऊन त्याला उभं करून समजावलं की ड्यूटी म्हणजे काय असते. पुन्हा त्याने कधी केला नाही. मी चारचौघांत सांगायचो, आमच्या पोराला शिस्त आहे.

टायरवाला दुसरीकडे तोंड करून उभा होता. मी आठ वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो माणूस. त्याने पाणी आणून दिलं, ते मी प्यायलो.

घरी आलो तर ही निघायच्या तयारीत, चपला घालत होती. माझ्याकडे बघताच तिला कळलं. चपला तशाच ठेवून दारातच बसली, मीही तिच्याशेजारी बसलो. मी विचारलं, पण तो गेल्यावर? तो गेल्यावर तरी का नाही केलास?

"सव्वा वाजता गेला," ती म्हणाली. "हॉस्पिटलातला फोन समोरच होता. म्हटलं, अर्धाच तास राहिलाय, त्याने एवढी एकच गोष्ट मागितली होती. तेवढं तरी त्याच्या मनासारखं करू." मग म्हणाली, "तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही जिवंत राहिला नसतात. टायरवाले म्हणाले, वहिनी, दोष मलाच देऊ देत त्यांना."

बारा वाजून गेले होते. मी म्हटलं, चल, म्हातारी वाट बघत असेल. आम्ही दोघं गेलो. मला बसायला खुर्ची नव्हती, टायरवाल्याने एक टायर आडवा टाकला, त्यावर बसलो. माडीवर माणसं चढत होती. मी मोजली नाहीत.

आता संध्याकाळ आहे. त्या दिवसाची डेपोतली नोंद मला तोंडपाठ आहे, कागद बघावा लागत नाही. डेपोत फोन वाजला तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. त्याआधीची पावणेदोनची गाडी मी स्वतः शिट्टी मारून सोडली होती. वेळेवर, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.